नावेतून काशीदर्शन

काशीस जाऊन आलेल्या गृहस्थास 'काय काय पाहिले?' असे विचारावे, तर बहुधा तीन गोष्टी ऐकावयास मिळतात: विश्वेश्वराचे दर्शन, गंगेचे स्नान आणि गल्ल्यांतील दाटी. यात्रेकरूच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे आहे. परंतु ज्या नगरीत इतक्या पिढ्यांनी इतके द्रव्य व इतके कौशल्य दगडात ओतले, ती नगरी कोणी बांधली, कशी बांधली आणि अशीच का बांधली, हे प्रश्न परतलेल्या मंडळींच्या मनात सहसा उठत नाहीत. त्याचे कारणही उघड आहे. काशीच्या गल्लीत उभे राहिले असता काशी दिसतच नाही. दोहों बाजूंस उंच भिंती, माथ्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी आणि समोर वाट अडवून उभी असलेली गाय, एवढेच दृष्टीस पडते. काशीचे मुख नदीकडे आहे आणि गल्लीतून जाणारा मनुष्य तिच्या पाठीमागून चालत असतो. ज्यास तिचे मुखदर्शन घ्यावयाचे असेल त्याने नावेतच बसले पाहिजे.

आमच्या बुलढाणे जिल्ह्यातून काशीचा मार्ग अवघड नाही. मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव येथे आगगाडीत बसून भुसावळ गाठावे आणि तेथे इटारसी, जबलपूर व प्रयागवरून जाणारी गाडी धरावी. गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब ही यात्रा केली, तेव्हा एक संपूर्ण सकाळ नावेसाठी राखून ठेवावी असा बेत आम्ही घरातच मांडला होता. त्यास पहिला विरोध झाला तो आमच्या वडील भगिनींकडून. सारे घर त्यांस अक्का म्हणते. "अरे, काशीस जाऊन का कोणी नौकाविहार करतो? आपण तीर्थास चाललो आहोत, जत्रेस नव्हे," असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांस सांगितले की, 'तीर्थ' हा शब्दच मुळी 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून झाला आहे. पाण्यात उतरण्याची अथवा पार होण्याची जागा, म्हणजेच उतार किंवा घाट, हा त्याचा जुना अर्थ होय. आणि नावेस संस्कृतात 'तरी' व 'तरणि' म्हणतात ते त्याच धातूवरून. तेव्हा तीर्थ आणि नाव या एकाच कुळातल्या. यावर अक्का हसून म्हणाल्या, "चल तर, तुझ्या व्याकरणाला घेऊन बसू नावेत." अशा रीतीने संमती मिळाली.

काशीचे स्थान प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गंगा एकंदरीत पूर्वसमुद्राकडे वाहते. परंतु काशीपाशी ती वळण घेऊन उत्तरेकडे जाते. नगरी पश्चिम तीरावर, वळणाच्या बाहेरच्या अंगास वसलेली आहे. समोरचा पूर्व तीर वाळवंटाचा असून पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. म्हणून तेथे वस्ती नाही. उलट पश्चिम तीर कंकरमिश्रित घट्ट मातीच्या उंच धारेचा आहे. नदीचा मारा सोसूनही ती धार टिकली, आणि तिच्या आधाराने नगरीही एकाच जागी टिकली. या स्थानाचा दुसरा लाभ सौंदर्याचा होय. सूर्य उघड्या वाळवंटावर उगवतो आणि त्याचे पहिले किरण मध्ये कसलाही अडथळा न येता थेट घाटांच्या दगडांवर पडतात. यासाठी नावेत बसावे ते सूर्योदयापूर्वी, आणि बसावे ते दक्षिणेकडील अस्सी घाटावर. तेथून प्रवाहाबरोबर वरुणेच्या संगमाकडे जाता येते. हे अंतर सुमारे साडेसहा किलोमीटर भरते आणि तेवढ्यात चौऱ्यायशी घाट मोजण्याची रूढी आहे.

घाट म्हणजे काय हे आमच्या वऱ्हाडातील वाचकांस बारवेवरून चटकन कळेल. सिंदखेडराजा येथील पुतळा बारव ज्यांनी पाहिली असेल त्यांस आठवेल की, तेथे पायऱ्या चारही बाजूंनी पाण्याकडे उतरतात आणि भिंतींत मूर्ती बसविल्या आहेत. बारवेतील पाणी ज्येष्ठात तळाशी जाते व भाद्रपदात वर येते. ते कोठेही असले तरी घागर घेऊन आलेल्या बाईस पाण्यापर्यंत पाय ठेवीत जाता यावे, एवढ्याचसाठी त्या पायऱ्या आहेत. हीच बारव उलगडून, तिची एकच बाजू साडेसहा किलोमीटर लांब करून नदीकाठी मांडली, म्हणजे काशीचे घाट झाले. फरक प्रमाणाचा आहे. काशी येथे गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर धरली आहे आणि १९७८ सालच्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील पाणी याच्या दहा-बारा मीटर तरी खाली असते. याचा अर्थ असा की, जे घर पाण्याच्या काठी बांधावयाचे त्याचे खालचे तीन मजले नदी कधीही मागून घेईल, हे बांधणाऱ्याने आधीच गृहीत धरले पाहिजे.

ही एक गोष्ट मनात ठेवून पाहिले म्हणजे घाटांचा सारा देखावा अर्थपूर्ण दिसू लागतो. आमच्या धाकट्या सूनबाई स्थापत्याची पदवी घेतलेल्या आहेत. नाव चालू होताच त्या म्हणाल्या, "मामंजी, वरून खाली पाहू नका, खालून वर पाहा. इथल्या इमारती खालूनच कळतात." आणि खरोखरच तसे आहे. सर्वांत खाली नदीत शिरलेल्या पायऱ्या. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी पुढे आलेले गोल अथवा अष्टकोनी बुरूज. या बुरुजांवर आज छत्र्या लावून लोक बसतात. परंतु त्यांचे मूळ काम प्रवाहाचा जोर फोडून पायऱ्यांस आधार देण्याचे. त्यांच्यावर खिडकीवाचून उभी असलेली कोऱ्या दगडाची प्रचंड भिंत, किल्ल्याच्या तटासारखी. आणि पूर जेथवर पोहोचत नाही तेथे, अगदी माथ्यावर, एकदम झरोके, सज्जे, कमानी आणि नक्षी. खाली योद्धा आणि वर गृहस्थ, असे या वाड्यांचे रूप आहे. दगड बहुतेक सर्व चुनारच्या खाणींतला. चुनार हेही गंगेच्याच काठी, प्रवाहाच्या वरच्या अंगास आहे; म्हणून हा वालुकाश्म नदीमार्गेच खाली आणता येई. ज्या नदीपासून रक्षण करावयाचे, तिनेच दगडही वाहून आणावा, असा हा व्यवहार.

अस्सीवरून निघाल्यावर लागलीच तुलसीघाट लागतो. गोस्वामी तुलसीदासांचे वास्तव्य येथे होते. त्यापुढे भदैनी. याच भागात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान दाखवितात व तेथे त्यांचे स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते. पुढे चेतसिंह घाटावरील गढी येते. १७८१ च्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहास येथे नजरकैदेत टाकिले, आणि राजा नदीकडील खिडकीतून पागोट्यांच्या दोराने उतरून नावेतून निसटला. ती भिंत नावेतून पाहावी म्हणजे त्या उडीची उंची कळते. इतिहासाच्या पुस्तकातील एक ओळ आम्ही कैक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली. तिचा अर्थ आमच्या नातवास त्या भिंतीखाली नाव थांबल्यावर क्षणात उमगला.

हरिश्चंद्र घाटावरील चिता ओलांडून नाव केदारघाटापाशी येते. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगविलेले केदारेश्वराचे देऊळ पाहताच आपण द्रविड देशात आलो की काय असे वाटते. हा भाग दक्षिणेकडील यात्रेकरूंचा होय. येथपासून पुढे मात्र महाराष्ट्रीयाने सावध होऊन बसावे. कारण यापुढे त्याच्या स्वतःच्या इतिहासाचे पान उघडते.

पहिला राजाघाट. हा राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी बांधिलेला. पेशवाईच्या अखेरच्या घडामोडींनंतर अमृतराव उत्तरेत येऊन राहिले व १८२४ साली काशीतच वारले. थोडे पुढे गेले म्हणजे पिवळसर दगडाचा एक भव्य राजवाडा दिसतो. त्यास दरभंगा वाडा म्हणतात व आज तेथे पथिकाश्रम, म्हणजे हॉटेल, चालते. परंतु त्याचा मूळ कर्ता दरभंगेकर नव्हे. नागपूरकर भोसल्यांचे दिवाणी कामदार श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२ च्या सुमारास तो उठविला. दरभंग्याच्या महाराजांनी त्याचा काही भाग १९१५ साली विकत घेतला. उरलेल्या घाटास आजही मुनशीघाट हेच नाव आहे. नावाड्याने 'दरभंगा' एवढेच नाव सांगितले होते. नागपूरकरांचे नाव कानी पडताच अक्का सरसावून बसल्या आणि "म्हणजे आपल्याकडच्यांचेच की हे!" असे म्हणाल्या. त्या क्षणापासून आमच्या नावेतील यात्रेस निराळाच रंग चढला. पुढल्या प्रत्येक घाटापाशी 'हा कोणाचा?' असा प्रश्न प्रथम त्यांच्याच मुखातून निघू लागला.

मुनशीघाटास लागूनच अहिल्याबाईंचा घाट. मल्हारराव होळकरांच्या या स्नुषेने १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले आणि काशीत विश्वेश्वराचे आज उभे असलेले मंदिर बांधिले. ते १७८० साली पूर्ण झाले. मंदिर सर्वांस ठाऊक आहे. घाट मात्र शेकडा नव्वद यात्रेकरू ओळखीवाचून ओलांडतात. त्याशेजारी दशाश्वमेध. काशीतील सर्वांत गजबजलेला हा घाट १७४८ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधविला व पुढे अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केला. सायंकाळच्या गंगारतीस तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. त्या हजारो पावलांखालील दगड कोणाचा, हे विचारणारा विरळा.

मानमंदिर घाटावर अंबरच्या राजा मानसिंहाचा वाडा असून त्याचा कोरीव सज्जा काशीतील दगडकामाचा उत्तम नमुना समजतात. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा केली. ललिताघाटावर नेपाळी मंदिर आहे. ते लाकडाचे व नेपाळी धर्तीचे असल्यामुळे साऱ्या पाषाणपंक्तीत निराळे उठून दिसते. येथेच १३ डिसेंबर २०२१ रोजी खुला झालेला विश्वनाथधामाचा प्रशस्त मार्ग नदीस मिळतो. जुन्या गल्ल्या व घरे काढून ही मोकळीक करावी लागली. म्हाताऱ्यामाणसांची सोय झाली हे निर्विवाद. गल्लीतल्या जुन्या काशीचा एक तुकडा कायमचा गेला हेही तितकेच खरे. आम्ही दोन्ही गोष्टी मुलांस सांगितल्या व निवाडा त्यांच्यावर सोपविला.

मणिकर्णिकेपाशी नावाड्याने वल्ही संथ केली आणि मंडळी आपोआप गप्प झाली. तेथे छायाचित्र काढू नये. कोणाचे तरी आप्त अग्नीस दिलेले असतात. त्यापुढे जे दृश्य लागते, ते आमच्या मते साऱ्या प्रवासातील सर्वांत बोधप्रद आहे. रत्नेश्वर महादेवाचे कोरीव देऊळ घाटाच्या अगदी पायथ्याशी, चक्क कलून उभे आहे. इटलीतील पिसाच्या मनोऱ्याहूनही त्याचा कल अधिक आहे. वर्षातील पुष्कळसा काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. एका पुत्राने आईच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी हे देऊळ बांधिले व 'ऋण फिटले' म्हणताच ते कलले, अशी लोककथा आहे. कथा गोड आहे. परंतु सूनबाईंचा खुलासाही ऐकण्यासारखा होता. देऊळ इतके खाली बांधिले की नदीने त्याचा पाया एका अंगाने दाबला. त्याच्या शेजारीच शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास तो आरंभिला. त्याची योजना इतकी भव्य व इतकी जड होती की घाट स्वतःच्या भाराने खचला, आणि विसाव्या शतकात त्याची पुनर्रचना करावी लागली. द्रव्याची उणीव नव्हती, श्रद्धेची नव्हती, कारागिरांचीही नव्हती. तरीही नदीकाठच्या मातीने आपला नियम सोडला नाही. पाया पाहून भार घालावा, हा धडा शाळेत शंभर वेळा सांगून जितका ठसत नाही तितका येथे एका दृष्टिक्षेपात ठसतो.

लगेच पुढे त्याचे उलट उदाहरण आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधिलेला भोसलेघाट नावेतून पाहिला असता एखाद्या दुर्गाचा तट समोर यावा तसा दिसतो. जवळजवळ सारी भिंत भरीव, लहान खिडक्यांची ओळ काय ती अगदी वर. नटवेपणा नाही, पण जागचा हललेलाही नाही. वऱ्हाडच्या माणसास या घाटाशी विशेष नाते वाटावयास हवे. त्या काळी आमच्या प्रांतावर निजाम व भोसले यांची दुअंमली होती आणि येथील वसुलाचा मोठा वाटा नागपुरास जात असे. तेव्हा त्या दगडांत आमच्या पूर्णाकाठच्या कुणब्याच्या घामाचा अंश आहे असे मानावयास कोणती हरकत?

पंचगंगा घाट हा आमच्या दृष्टीने काशीच्या इतिहासाचा सारांशच होय. येथे बिंदुमाधवाचे प्राचीन मंदिर होते. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या आमदानीत ते पडून त्या जागी मशीद झाली. ती आजही घाटाच्या माथ्यावर उभी आहे. तिचे उंच मनोरे एके काळी लांबून दिसत. ते आता नाहीत. बिंदुमाधवाची स्थापना पुढे जवळच एका साध्या इमारतीत झाली, व ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी केली. घाटावर दगडी दीपमाळ आहे. ती अहिल्याबाईंची म्हणून सांगतात व कार्तिकी पौर्णिमेस तिच्यावर दिवे लागतात. कार्तिकी पौर्णिमा म्हटली की मराठी मनुष्यास आणखी एक आठवण झाली पाहिजे. शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस पैठणच्या नाथांनी आपल्या भागवताची समाप्ती केली ती याच नगरीत. त्याच पैठणातून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांनी 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला आणि अकबराच्या काळात विश्वेश्वर मंदिराच्या उभारणीत पुढाकार घेतला. त्यांचेच वंशज गागाभट्ट १६७४ साली रायगडावर आले. पंचगंगेपुढील दुर्गाघाट व ब्रह्माघाट हे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी निगडित आहेत, आणि त्यांच्यामागील मोहल्ल्यात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. येथून पुढे घाट विरळ होतात आणि समोर १८८७ साली झालेला दुमजली लोखंडी पूल दिसतो. खाली आगगाडी व वर रस्ता, अशी त्याची रचना आहे. पूर्वी त्यास डफरिन पूल म्हणत; आज तो मालवीय पूल होय.

काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले थोर इतिहाससंशोधक डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी असा अभिप्राय नोंदविला आहे की, अर्वाचीन काशी ही बव्हंशी मराठ्यांची निर्मिती होय. नावेतून एकवार ही पंक्ती पाहिल्यावर या विधानात अतिशयोक्ती वाटत नाही. परंतु यात एक गोष्ट अशी आहे की जिचा आम्हांस सर्वाधिक विस्मय वाटतो. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच नव्हती. पेशव्यांनी ती मिळावी म्हणून खटपट केली खरी. पण ती आधी अयोध्येच्या नवाबाकडे होती व १७७५ साली कंपनी सरकारकडे गेली. म्हणजे जेथे आपली चौकी नाही, जेथून वसूल येणार नाही, जेथे किल्ला बांधून शत्रू अडवावयाचा नाही, अशा परक्या अमलातील भूमीवर आमच्या राजांनी, दिवाणांनी व विधवा राण्यांनी आपले द्रव्य खर्च केले. आणि खर्च केले ते कशावर? वाडे थोडे, पायऱ्या पुष्कळ. वाड्यात राहणार दहा माणसे. पायरीवर स्नानास येणारा कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, धनिक की भिक्षेकरी, हे पायरी विचारीत नाही. काशीतील मराठ्यांचे खरे शिल्प वर माथ्यावरील सज्जात नाही. ते खाली, शेवाळ चढलेल्या, दरवर्षी गाळाखाली जाणाऱ्या आणि पुन्हा धुऊन निघणाऱ्या त्या साध्या पायऱ्यांत आहे.

पाण्यावरून नगर पाहण्याची ही रीत आता साऱ्या जगात रूढ आहे. व्हेनिस नगरीत श्रीमंतांच्या वाड्यांचे दरवाजे थेट कालव्यात उघडतात. तेथे समुद्राचे पाणी सामान्यतः थोडेच चढते-उतरते; म्हणून नक्षी पाण्याच्या काठापर्यंत आणता आली. काशीचे स्थपती तसे करते तर पहिल्याच भाद्रपदात पस्तावले असते. अमेरिकेतील शिकागो शहर १८७१ च्या अग्निप्रलयात मोठ्या प्रमाणात जळाले व नंतर गगनचुंबी इमारतींसाठी प्रसिद्धी पावले. शहरातील घाण सरोवरात जाऊ नये म्हणून तेथील लोकांनी १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. आज त्या नदीतून स्थापत्यदर्शनाच्या नौका चालतात, आणि त्यांवर शिकविलेले स्वयंसेवक प्रत्येक इमारतीचे वर्ष, कर्ता व रचना समजावून सांगतात. आमच्या मनात हे वाचून थोडी असूया उत्पन्न झाली. तेथील इमारती दीडशे वर्षांच्या आतल्या. आमचा दशाश्वमेध त्याच्या कितीतरी आधीचा. पण त्यांची मुले नावे जाणतात, आणि आमची जाणत नाहीत.

यात नावाड्यास दोष देण्यात अर्थ नाही. निषाद-मल्लाह समाजातील ही मंडळी पिढीजात नदीवर आहेत. पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीस लागेल, भोवरा कोठे आहे, कोणत्या भिंतीवर महापुराची खूण आहे, हे त्यांस तोंडपाठ असते, आणि ते ज्ञान कोणत्याही ग्रंथाहून कमी प्रतीचे नाही. २०१८ पासून तेथे मोठ्या यांत्रिक नौकाही चालू झाल्या आहेत व लहान नावांवरही यंत्रे बसली आहेत. वृद्धांस मोठी नौका सोयीची खरी. पण ज्यास दगड पाहावयाचा आहे त्याने वल्ह्याची नाव घ्यावी. ती सावकाश चालते, सांगाल तेथे थांबते, आणि तिचे भाडे थेट वल्हे मारणाऱ्या हातात पडते. भाडे आधी ठरवावे. प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, तरंगते जाकीट घालावे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम; श्रावण-भाद्रपदात पुरामुळे नावा बंद ठेवतात. निघण्यापूर्वी घरातील मुलामुलींकडून घाटांची नावे, कर्ते व वर्षे एका वहीत क्रमाने लिहून घ्यावीत आणि प्रत्येक घाट येताच एकेकाने वाचावा. वडील मंडळींनी ऐकावे. आमच्या घरी हे केले, तेव्हा लक्षात आले की शिकविण्यापेक्षा ऐकण्यातच अधिक आनंद आहे.

शेवटी एक विचार मांडून लेखणी आवरतो. काशीहून परतल्यावर मावंदे करण्याची आपली जुनी चाल आहे. गंगापूजन होते, चार पंक्ती उठतात, गडूतील गंगाजल आप्तेष्टांस वाटले जाते. ही चाल चांगली आहे आणि राहावी. परंतु ज्यांचे घाट पाहून आपण आलो त्यांनी काशीत जे केले ते आपल्या गावी किती शिल्लक आहे, याचाही हिशेब त्या दिवशी व्हावा. वऱ्हाडात व मराठवाड्याच्या सीमेवर जुन्या बारवा गावोगाव आहेत. घरोघर नळ आल्यापासून त्यांतील कित्येकींत गाळ साचला, कित्येकींत केरकचरा पडतो, आणि पायऱ्यांच्या सांध्यांत उगवलेले पिंपळ दगड उचकटीत आहेत. ते दगडही कोणीतरी कोणासाठी तरी, जात वा नाव न विचारता, बसविले होते. अहिल्याबाईंचे द्रव्य आपल्यापाशी नाही. पण बारवेतील पिंपळाचे रोप वेळीच उपटावयास द्रव्य लागत नाही. मावंद्याच्या खर्चातून एक पंक्त कमी करून गावच्या बारवेचा गाळ काढविला, आणि तिच्या काठी ती कोणी बांधली हे ठाऊक असल्यास दगडावर कोरून ठेविले, तर काशीयात्रेचे पुण्य उणे होईल असे आम्हांस वाटत नाही. तीर्थ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. ती आपल्या गावातही आहे. तिच्या पायऱ्या मात्र शाबूत राखल्या पाहिजेत.